एक जून

खोरफक्कानला मासळीबाजाराच्या मागे
माझं टायपिंग सेंटर. दोन खुर्च्या, एक प्रिंटर,
आणि एक एसी, जो नुसता आवाज करतो.
याकूब सोलकर आले ते चपला दाराबाहेर काढून.
म्हटलं, चाचा, इथे कुणी काढत नाही.
म्हणाले, कागदांचं काम आहे ना, असू दे.

जाळी विणायचं दुकान त्यांचं स्वतःचं,
म्हणून विमाही त्यांचा त्यांनीच काढायचा,
नाहीतर व्हिसा पुढे सरकत नाही.
मी कार्ड मशीनला लावलं.
जन्मतारीख : एक जून, एकोणीसशे एकोणसाठ.

एक जून!
माझ्या कीबोर्डावर अख्खं कोकण एक जूनला जन्मतं.
माझे वडीलसुद्धा. शाळेत गुरुजींनी टाकली ती तारीख,
पुढे तिच्याच नावाने आम्ही केक कापले.

"सहासष्ट पूर्ण," मी म्हटलं. "चौसष्टच्या वर
साधा विमा थेट नाही मिळत.
हा वेगळा फॉर्म. सगळे आजार सांगायचे."

ते पडद्याकडे बघत राहिले,
जाळ्यातलं भोक शोधावं तसे.
"त्रेसष्ट," म्हणाले.
"वरची तीन एजंटाची.
एकवीसच्या खालचा पोरगा त्याला नको होता,
आणि मी अठराचा, मिसरूडसुद्धा धड नाही.
त्यानं तीन वर्षं चढवली, शंभर रुपये घेतले.
काढता येतील का आता?"

नाही येत.
मशीन कार्डावरचं उचलतं,
माझ्या हातात फक्त एंटर.

"म्हणजे जगलोच नाही त्या वर्षांचाही हप्ता," ते म्हणाले,
रागाने नाही, नायलॉनचा भाव वाढल्यावर
बोलतात तितपत.

साखर?
थोडी.
बीपी?
भाचा फोन करतो त्या दिवशी.
ऑपरेशन, हाड मोडलेलं, हृदयाचं काही?
"हा अंगठा मिटत नाही. दोऱ्यानं.
ह्याला रकाना आहे?"
नव्हता. मी 'इतर'मध्ये टाइप केलं : अंगठा, उजवा.

मग दोन योजना समोर ठेवल्या.
एक स्वस्त, पण दर खेपेला खिशात हात,
आणि यादीतला दवाखाना डोंगरापलीकडे.
दुसरी दीडपट.
त्यांनी एकच विचारलं, डोळे कशात आहेत?
दुसरीत.
"मग तीच. बाकीचं शरीर
कसंही ढकलीन. गाठ दिसली पाहिजे."

नोटा मोजताना मध्येच थांबले.
"पोरी, तिकडे आपल्याकडे सत्तरीला
सरकारचं कार्ड मिळतं म्हणे, इलाजाचं?
झुबेदा सांगत होती हर्णैहून."
मिळतं, मी म्हटलं.
"आणि ते बघतात ते कागदावरचंच वय?"
कागदावरचंच.

आधी त्यांचे खांदे हलले, मग हसू आलं.
असं हसू की बाहेर बर्फ फोडणारा मलबारी वाकून बघू लागला.
"म्हणजे तीन वर्षं आधी मिळेल की मला!
एजंट गेला बिचारा. असता
तर त्याला डबाभर हलवा पाठवला असता."

पावती घेऊन उठले. दारात
पायाने चपला चाचपत असताना मी विचारलं,
चाचा, मग खरी तारीख कुठली?

"आई सांगायची,
दाभोळच्या खाडीत मुकादमांचं गलबत रुतलं,
त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी."
गलबत कधी रुतलं?
"ते कुणी लिहून ठेवलं नाही.
आईचा हिशेब त्रेसष्टाचा. आपण तो मानायचा."

डावी चप्पल उलटी पडली होती.
ती त्यांनी वाकून हातानेच सरळ केली
आणि उन्हात गेले,
कागद डोक्यावर धरून.